मका तुऱ्यावर येण्याआधीच खालून पिवळा पडतो? युरियाचा हप्ता कुठे चुकतोय ते असे शोधा

तक्रार दर हंगामात सारखीच असते. पेरणीबरोबर खत दिले, तिसाव्या दिवशी युरिया टाकला, पंचेचाळिसाव्या दिवशी पुन्हा टाकला. गुडघाभर होईपर्यंत मका काळाभोर हिरवा दिसतो. तुरा यायला पंधरा-वीस दिवस उरले की खालची पाने पिवळी पडू लागतात, पिवळेपणा एकेक पान करत वर चढतो आणि काढणीला कणसांची टोके रिकामी निघतात. पुढच्या वेळी युरिया वाढवला जातो. पाने थोडी उशिरा पिवळी पडतात, पण कणसाचे टोक काही भरत नाही.

खत वाढवणे हा या दुखण्यावरचा सगळ्यात शेवटचा उपाय, आणि तोच सगळ्यात आधी केला जातो. माझ्या मते अशा बहुतेक शेतांत नत्र (युरियातून मिळणारे नायट्रोजन) कमी दिलेले नसते. दिले तेव्हा पिकाला त्याची गरज नव्हती, आणि पिकाची भूक वाढली तेव्हा ते मुळांपाशी उरले नव्हते. म्हणून किती टाकले हे विचारण्याआधी केव्हा टाकले, कसे टाकले आणि टाकल्यानंतरच्या आठवड्यात पाण्याचे काय झाले, हे विचारायला हवे.

आधी बघा, कमतरता नत्राचीच आहे ना

पिवळे पान दिसले की हात युरियाच्या पोत्याकडे जातो. जरा थांबा. खालचे एक पान तोडून हातात घ्या. नत्र कमी असेल तर पिवळेपणा पानाच्या टोकापासून सुरू होतो आणि मधल्या शिरेच्या बाजूने खोडाच्या दिशेला सरकतो. कडा मात्र बराच काळ हिरव्या राहतात. पानावर पाचर ठोकल्यासारखा आकार दिसतो, रुंद भाग टोकाकडे आणि निमुळता भाग खोडाकडे. पुढे हाच भाग तपकिरी होऊन वाळतो. एकदा नीट पाहिलेत की हे चिन्ह पुन्हा चुकणार नाही.

पालाश (पोटॅश) कमी असेल तर याच्या अगदी उलट दिसते, कडा करपतात आणि मधली शीर हिरवी राहते. खालची पाने ठीक असून पोंग्यातली, म्हणजे शेंड्याच्या सुरळीतली, नवी पाने फिकट, रेघारेघांची दिसत असतील तर संशय गंधकावर घ्या. नव्या पानांच्या बुडाशी शिरेच्या दोन्ही बाजूंना रुंद पांढरट पट्टे असतील तर जस्त कमी आहे. या तिन्हीत युरियाने काम होणार नाही.

आणखी दोन प्रसंगांत फसगत होते. एक म्हणजे रान चिबडले असताना लहान पीक अख्खेच फिकट पडते. तिथे मुळांना हवा मिळत नसते. जमिनीत नत्र असूनही मुळे ते उचलू शकत नाहीत. पाणी काढून द्या, वाफसा येऊ द्या आणि चार-पाच दिवसांनी रंग बघा. बऱ्याचदा पीक आपोआप सुधारते. दुसरा प्रसंग उलट टोकाचा. दाणे चिकात आल्यावर तळची दोन-तीन पाने पिवळी होणे स्वाभाविक आहे, कारण त्या वेळी झाड जुन्या पानांतले नत्र काढून दाण्यांत भरत असते. कणसाजवळची आणि त्यावरची पाने हिरवी असतील तर काळजीचे कारण नाही.

कॅलेंडर बाजूला ठेवा, पाने मोजा

तीस दिवस आणि पंचेचाळीस दिवस हे आकडे ठरावीक वाण, ठरावीक हवामान आणि वेळेवर उगवण गृहीत धरून सांगितलेले असतात. मक्याची वाढ उष्णतेवर चालते. गरम हवेत तीन-चार दिवसांत एक पान पूर्ण उघडते, थंडीत त्याच पानाला आठवडाही लागतो. त्यामुळे थंडीत पेरलेला मका तिसाव्या दिवशी चार पानांवर असू शकतो आणि उन्हाळ्यातला आठ-नऊ पानांवर. दोघांना एकाच तारखेला खत दिले तर एकाला ते घाईचे होते आणि दुसऱ्याला उशिराचे.

पाने मोजायची पद्धत सोपी आहे, पण ती नेहमी एकच असावी. ज्या पानाचा खोडाशी जोडणारा फिकट पट्टा, म्हणजे कॉलर, स्पष्ट दिसतो तेच पान धरायचे. पोंग्यातली अर्धवट पाने मोजायची नाहीत. सुरुवात सगळ्यात खालच्या, गोल टोकाच्या लहान पानापासून करायची. मक्याच्या बाकी सगळ्या पानांची टोके अणकुचीदार असतात, गोल टोक फक्त पहिल्या पानाला.

पीक मोठे झाले की खालची पाने सुकून गळतात आणि मोजणी चुकते. अशा वेळी एक ताट मुळासकट उपटा आणि चाकूने उभे मधोमध चिरा. बुडाशी पहिली चार पेरे (गाठी) इतकी दाटीने बसलेली असतात की वेगळी ओळखू येत नाहीत. त्यांच्यावर साधारण एक-दोन सेंटिमीटरची पहिली मोकळी कांडी दिसते. त्या कांडीच्या वरचे पेर पाचवे, आणि त्याला चिकटलेले पान पाचवे. तिथून वर मोजत चला. शेतातल्या वेगवेगळ्या ठिकाणची पाच-सहा ताटे अशी पाहिलीत की पीक नेमके कुठे आहे ते समजते.

एवढा खटाटोप कशासाठी, ते मक्याची भूक पाहिल्यावर पटेल. सहा पानांपर्यंत पीक आपल्या एकूण गरजेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके नत्र उचलते, अनेकदा त्याहूनही कमी. याच सुमारास वाढीचा कोंब जमिनीच्या वर येतो आणि कांड्या लांबू लागतात. आठ पानांपासून तुऱ्यापर्यंत उचल एकदम वाढते, आणि फुलोऱ्यापर्यंत एकूण नत्रापैकी साधारण दोन तृतीयांश झाडात गेलेले असते. उरलेला एक तृतीयांश भाग दाणे भरताना लागतो. एक टन दाण्यांमागे सगळे झाड धरून सुमारे २० किलो नत्र लागते.

कणसाचा हिशेबही याच काळात ठरतो. सहा ते आठ पानांच्या दरम्यान कणसावर दाण्यांच्या ओळी किती असणार हे ठरू लागते. एका ओळीत किती दाणे बसणार, ते त्यानंतर कणसाचे केस बाहेर येण्याच्या आठवडाभर आधीपर्यंत ठरत राहते. टोक रिकामे राहण्याचे मूळ बऱ्याचदा या शेवटच्या टप्प्यातल्या किंवा फुलोऱ्यानंतर लगेचच्या उपासमारीत असते. उपासमार नत्राची असेल, पाण्याची असेल किंवा दोन्हींची.

पेरणीलाच निम्मे नत्र देणाऱ्या शेतात काय होते, हे आता लक्षात येईल. ते नत्र महिनाभर गिऱ्हाईकाविना जमिनीत पडून राहते, आणि जमिनीत नत्र स्वस्थ पडून राहत नाही.

नत्र जाते कुठे

युरिया ओल्या मातीत पडला की युरिएज नावाचे विकर त्याचे काही दिवसांत अमोनियामध्ये रूपांतर करते. तो अमोनिया मातीच्या आत असेल तर अमोनियम बनून मातीला धरून राहतो. पृष्ठभागावरच असेल तर हवेत जातो. उबदार जमिनीत पुढच्या दोन-तीन आठवड्यांत अमोनियमचे नायट्रेट होते. नायट्रेट मातीला चिकटत नाही, पाणी जाईल तिकडे ते जाते. म्हणजे गळतीची भोके वेगवेगळी आहेत, आणि तुमच्या शेतातले भोक कोणते ते ओळखल्याशिवाय वेळ दुरुस्त करता येत नाही.

पहिला प्रश्न: युरिया फेकून दिला होता का, आणि त्यानंतर पाणी केव्हा मिळाले? माझ्या अंदाजाने सर्वाधिक नुकसान इथेच होते. सकाळी दव असताना फेकलेला दाणा विरघळतो, दुपारपर्यंत त्या जागी नुसता ओलसर डाग उरतो. खत जमिनीत गेले असे वाटते, पण ते वरच्या काही मिलिमीटरमध्येच असते. मग ऊन आणि वारा त्यातला अमोनिया घेऊन जातात. जमिनीचा सामू (पीएच) जास्त असेल, हवा गरम असेल, वर काडीकचरा पसरलेला असेल तर वेग आणखी वाढतो. वाईट परिस्थितीत आठवडाभरात दिलेल्या नत्राचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त असा उडून जाऊ शकतो. यावर उपाय दोनच. युरिया चार-पाच सेंटिमीटर मातीखाली झाका, किंवा टाकल्यावर दोन दिवसांच्या आत १२ ते १५ मिलिमीटर पाणी मिळेल असे बघा. कोळपणीच्या किंवा भर लावण्याच्या आधी ओळीच्या कडेने युरिया दिला आणि लगेच माती ओढली तर वेगळा खर्च न होता काम होते. चुनखडीच्या जमिनीत अमोनियम सल्फेट वर पडून राहिले तर त्याचेही असेच नुकसान होते, म्हणून खत बदलले तरी झाकणे चुकवू नका.

दुसरा प्रश्न: खत दिल्यावर पाणी फार झाले का? हलक्या जमिनीत जोरदार पाऊस नायट्रेट मुळांच्या खाली घेऊन जातो. भारी जमिनीत वेगळे घडते. पाणी दोन-तीन दिवस साचले की मातीतला प्राणवायू संपतो आणि जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरू लागतात, नत्र वायू होऊन निघून जाते. गरम जमिनीत असे साचलेल्या प्रत्येक दिवसाला नायट्रेटचे चार-पाच टक्के जाऊ शकतात. आता महत्त्वाचा मुद्दा. खत देऊन दोन-तीनच दिवस झाले असतील तर बहुतेक नत्र अजून नायट्रेटच्या रूपात आलेले नसते, म्हणून साचलेल्या पाण्याने होणारे हे नुकसान थोडेच असते. तीन आठवडे झाले असतील तर ते मोठे असते. त्यामुळे नुकसान मोजताना पाऊस किती झाला याइतकेच खत कधी दिले होते हेही बघावे लागते. एक सावधगिरी मात्र हवी: विरघळलेला युरिया अमोनियात बदलण्याआधी मातीला धरत नाही. युरिया टाकून त्याच दिवशी सरी तुडुंब भरली तर हलक्या जमिनीत तो पाण्याबरोबर खाली उतरतो. पाणी द्यायचे ते हलके, खत मुळांपर्यंत पोचेल इतकेच.

तिसरा प्रश्न: आधीच्या पिकाचे काय गाडले होते? गव्हाचा भुसा, मक्याची धाटे, अर्धकच्चे शेणखत यांत कर्ब भरपूर आणि नत्र थोडे असते. ते कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र स्वतःसाठी उचलतात आणि काही आठवडे परत देत नाहीत. अशा रानात चार-पाच पानांवरच मका पिवळसर दिसतो. इथे पेरणीच्या हप्त्यात नत्राचा वाटा वाढवणे योग्य ठरते. सुरुवातीला नत्र कमी द्या असे मी वर सुचवले, त्याला हा अपवाद आहे. सोयाबीन किंवा हरभऱ्यासारख्या पिकानंतर मका असेल तर ही अडचण सहसा येत नाही.

चौथा प्रश्न: जमीन कोरडी होती का? कोरड्या मातीत नत्र असूनही मुळांपर्यंत वाहून जायला पाणी नसते. दुपारी पाने सुरळीसारखी वळत असतील आणि खालून पिवळी पडत असतील तर आधी पाणी द्या. खतावर खत टाकून उपयोग नाही.

हप्ते कसे बसवायचे

समजा शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरदाची (फॉस्फेटची) आहे. तुमच्या माती परीक्षणाचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा, पद्धत बदलत नाही. पेरणीला १३० किलो डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) दिले की ६० किलो स्फुरद पूर्ण होते आणि त्यातून सुमारे २३ किलो नत्र मिळते. सुरुवातीच्या वाढीला एवढे पुरेसे आहे. हे खत बियाण्यापासून पाच सेंटिमीटर बाजूला आणि पाच सेंटिमीटर खाली पडू द्या. युरिया बियाण्याला लागून कधीच नको, त्यातल्या अमोनियाने कोंब जळतो.

उरले ९७ किलो नत्र, म्हणजे सुमारे २१० किलो युरिया. त्यातला निम्मा सहा-सात पानांवर द्या. उचल वाढायच्या थोडे आधी नत्र मुळांपाशी हजर असावे, म्हणून ही वेळ. उरलेला निम्मा दहा ते बारा पानांवर, शक्यतो भर लावताना. जमीन भारी आणि निचऱ्याची असेल, पावसाचा भरवसा असेल तर हे पुरते. रेताड, हलक्या जमिनीत दोनाऐवजी तीन वरखते (उभ्या पिकाला द्यायचे हप्ते) करा आणि शेवटचे तुरा दिसू लागण्याच्या सुमारास द्या, कारण तिथे नत्र साठून राहणारच नाही. ठिबक असेल तर सहा पानांपासून फुलोऱ्यापर्यंत दर आठवड्याला थोडे थोडे देणे सगळ्यात उत्तम. खत पाण्याच्या पाळीच्या मधल्या भागात सोडा आणि शेवटी नुसते पाणी चालवून नळ्या धुऊन घ्या. पाळीच्या सुरुवातीला सोडलेले खत नंतरच्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली जाते.

आठ पानांनंतर मुळे दोन ओळींच्या मधोमध पोचलेली असतात. त्यामुळे उशिराची कोळपणी खोल नको, नाहीतर खत देण्याच्या नादात ते उचलणारी मुळेच तुटतील. सरीने पाणी देत असाल तर खत सरीच्या तळात न टाकता वरंब्याच्या बगलेला द्या.

उभ्या पिकात हाताने फेकण्याची वेळ आलीच तर पाने पूर्ण कोरडी असताना फेका. मक्याचा पोंगा वरून उघडा असतो, त्यात दाणे अडकतात आणि आतल्या पाण्यात विरघळून कोवळी पाने भाजतात. चार-पाच दिवसांनी ती पाने उलगडली की त्यांवर आडवे पांढरे चट्टे दिसतात आणि तो रोग समजून फवारणी केली जाते.

पीक आत्ताच पिवळे आहे, काय करू?

किती पाने आहेत यावर उत्तर अवलंबून आहे. अकरा-बारा पानांच्या आत असाल तर निराश होऊ नका. अमेरिकेतील मिसूरी राज्यात अनेक शेतांवर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, सगळे नत्र अकरा पानांपर्यंत लांबवूनही उत्पादनात भरून न येणारी घट जवळजवळ दिसली नाही. बारा ते सोळा पानांच्या दरम्यान ती सुमारे तीन टक्के होती, आणि कणसाचे केस येईपर्यंत थांबल्यावर पंधरा टक्के. हलक्या, सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत इतकी सवलत मिळेल असे धरू नका. पण पिवळे दिसू लागल्यावरही तुऱ्यापर्यंत दिलेले वरखत वाया जात नाही, एवढे खरे. त्यासाठी पाणी मात्र हवे. ओलीशिवाय उशिरा टाकलेला युरिया वरच पडून राहतो.

केस सुकून तपकिरी झाल्यावर टाकलेल्या नत्राचा फायदा फारच थोडा. त्या वेळी पाण्याची पाळी चुकू न देणे अधिक मोलाचे.

दोन टक्के युरियाच्या फवारणीबद्दल नेहमी विचारले जाते. हिशेब करून बघा. हेक्टरी ५०० लिटर पाण्यात दोन टक्के म्हणजे १० किलो युरिया, त्यात ४.६ किलो नत्र. फोफावलेला मका एवढे नत्र दोन दिवसांत उचलतो. मुळे पाण्यात असताना पिकाला तात्पुरता हात म्हणून ही फवारणी ठीक आहे, पण तिला वरखताचा पर्याय समजू नका. पाने दोन दिवस हिरवी दिसतात आणि त्या समाधानात खऱ्या हप्त्याची वेळ निघून जाते.

हे दुखणे पुन्हा येऊ नये म्हणून

पेरतानाच एक पट्टा आखून ठेवा, चार-सहा ओळींचा, शेताच्या सर्वसाधारण भागात. तिथे बाकी शेतापेक्षा दीडपट नत्र द्या आणि खुणेच्या काठ्या रोवा. आठ-दहा पानांवर त्या पट्ट्याच्या रंगाशी शेताचा रंग ताडून बघा. पट्टा गडद आणि शेत फिकट असेल तर नत्र कमी पडतेय, हप्ता लवकर द्या. दोन्ही सारखेच हिरवे असतील तर घाई नको. दोन्ही सारखेच पिवळे असतील तर दोष पाण्यात, मुळांत किंवा दुसऱ्या अन्नद्रव्यात आहे. इतके स्वस्त आणि इतके खरे बोलणारे साधन दुसरे नाही, तरी ते फार कमी शेतांत दिसते.

शेणखत किंवा कोंबडीखत भरपूर घातले असेल तर सहा पानांच्या सुमारास मातीतले नायट्रेट तपासून घ्या. ही तपासणी व्हर्माँट विद्यापीठातील फ्रेड मॅग्डॉफ आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडली. झाडे ३० सेंटिमीटर उंच असताना वरच्या ३० सेंटिमीटर थरातली माती घ्यायची. नायट्रेट नत्र २५ पीपीएमच्या (दहा लाखांत २५ भागांच्या) वर आले तर वरखताची गरज सहसा राहत नाही. नमुना त्याच दिवशी पातळ पसरून वाळवा किंवा थंड ठेवा. ओली माती पिशवीत गरम राहिली तर आतल्या आत नायट्रेट वाढते आणि आकडा फसवतो.

हंगामाच्या शेवटी ताटही उत्तर देते. दाण्याच्या बुडाशी काळा थर आल्यावर, म्हणजे दाणा पक्व झाल्यावर, एक ते तीन आठवड्यांत, जमिनीपासून १५ ते ३५ सेंटिमीटर उंचीवरचा खोडाचा तुकडा कापा. शेतभरातून असे पंधरा निरोगी तुकडे घ्या, पाने सोलून टाका आणि कागदी पिशवीत घालून प्रयोगशाळेत द्या. नायट्रेट नत्र २५० पीपीएमच्या खाली असेल तर पीक उपाशी राहिले. ७०० ते २००० असेल तर बेत बरोबर जमला. २००० च्या वर असेल तर नत्र गरजेपेक्षा जास्त झाले. दुष्काळी हंगामात हा आकडा एरवीपेक्षा फुगतो, ते लक्षात ठेवून वाचा. पाऊसपाणी ठीक असताना आकडा २००० च्या वर आला आणि तरीही तुऱ्याआधी पाने पिवळी झाली असतील, तर पुढच्या पेरणीआधी दोन ओळींच्या मध्ये हातभर खड्डा घ्या आणि नांगराच्या तळाशी कडक थर झाला आहे का, मुळे तिथे आडवी वळताहेत का, ते बघा.